माझ्या टेस्टचं जिन-टॉनिक

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वर करून विचारायला नको. हो, मी बारमध्ये गेलेले. वय वर्षं साठ, शहाडच्या बुद्धविहारात दर रविवारी बायकांची वंदना घेणारी, जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली मी, रंभा. बारच्या काउंटरला उंच खुर्चीवर बसलेले, आणि चारचौघांसमोर ग्लास तोंडाला लावलेला. ज्याला ठसका लागायचा त्याला लागू दे.

कशाला गेलेले, ते ऐका. माझा एकुलता एक मुलगा रत्नदीप घोडबंदर रोडच्या एका बारमध्ये कामाला आहे. बारटेंडर. म्हणजे काउंटरमागे उभं राहून लोकांना दारू बनवून द्यायची. त्याचे पप्पा, आमचे भगवानराव, दारूनंच गेले. लिव्हर संपलं. मी तीस वर्षं कल्याणला एका दवाखान्यात आया होते. दिवसभर दुसऱ्या बायकांची बाळंतपणं निस्तरायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या उलट्या काढायच्या. त्याच घरातला पोरगा आता दारू ओततो. मला सांगा, राग येणार नाही?

गेल्या रविवारी विहारात पंचशील म्हणत होतो. पाचवं शील नशेचं असतं, दारूपासून लांब राहीन असं. ते म्हणून झालं आणि मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "रंभाताईंचा आवाज पाचव्याला बसतो बघ हल्ली." हळूच म्हणाली, पण माझे कान शाबूत आहेत. मी मागे वळले नाही. घरी आले, दार लावलं आणि पोटभर रडले.

रडून झाल्यावर माझ्या मावसभावाला, तानाजीला फोन लावला. तो मानपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. डोंबिवलीचं मानपाडा हो, ठाण्याचं नाही. म्हटलं, माझ्या पोराला तिथं कुठंतरी चिकटव, तुझे उपकार विसरणार नाही. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, जागा आहे. उद्या सकाळी दहाला रत्नदीपला पाठव. उद्या नाही आला तर साहेब दुसऱ्याला घेतील."

मी रत्नदीपला पाच वेळा फोन लावला. कामावर असला की तो उचलत नाही. घरी येतो तेव्हा मी झोपलेली असते आणि त्याला सकाळी उठवून सांगितलं असतं तर डोळे चोळत "बघू गं आई" म्हणून कूस बदलली असती. हे 'बघू' मी चार वर्षं ऐकतेय. म्हटलं, आज समोरासमोर सोक्षमोक्ष लावायचा. एकतर बार, नाहीतर आई. आणि निघाले.

ठाण्याला उतरून बस पकडली. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. एवढ्या वेळात मी दोन बाळंतपणं उरकली असती. पोचले तेव्हा साडेसहा झालेले. दारावरच्या माणसानं माझ्या कॉटनच्या साडीकडे आणि हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"मावशी, कुणाकडे काम आहे?"

"माझ्या मुलाकडे. रत्नदीप."

"रत्नाभाईची आई?" त्यानं लगेच दार उघडलं आणि वाकून हातानं आत जा म्हणाला. मला वाटलं, आपला पोरगा इथला दादाबिदा झाला की काय!

आत गेले तर सगळं वेगळंच. मी ज्या गुत्त्यांतून नवऱ्याला ओढून आणायचे तिथं ओकारीचा वास असायचा. इथं एसी, आणि कापलेल्या लिंबांचा वास. काउंटरमागे काळा एप्रन बांधून रत्नदीप ग्लास पुसत होता. मला बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"आई? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही गेलं," मी म्हटलं. "पण आता जाईल. चल घरी."

"अगं, गिऱ्हाईक आहे. अर्धा तास बस. ब्रेक मिळाला की बोलू ना."

"आजच बोलायचंय. उद्या दहाला मानपाड्याला जायचंय तुला. नोकरी बघितलीय मी."

तो काउंटरबाहेर आला. माझा हात धरून मला त्या उंच खुर्चीवर चढवलं, पाण्याचा ग्लास ठेवला आणि कामाला लागला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. खाली उतरायची सोय नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

मग बसल्या बसल्या बघत राहिले. काय एकेकाची तऱ्हा! एक पोरगी आली. म्हणाली, जिन-टॉनिक, बर्फ गच्च, लिंबू पिळायचं नाही, नुसती फोड ग्लासच्या कडेला चोळायची. दुसऱ्यानं सांगितलं, टॉनिक वेगळं बाटलीत द्या, मी माझं ओतून घेईन. तिसऱ्याला त्यात काकडी हवी. काकडी! कोशिंबीर आहे का? एवढ्या खोडी आमच्यात नव्या नवरीनं केल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी माहेरी धाडली असती. आणि हा शहाणा प्रत्येकाला पुन्हा विचारत होता. जिन एवढी पुरे का, टॉनिक वरपर्यंत भरू का, लिंबू एक की दोन.

मला राहवलं नाही. "काय रे, दारूत टॉनिक घालता तुम्ही? ताकदीचं?" आमच्या दवाखान्यात टॉनिक म्हणजे बाळंतिणीला द्यायचं लाल औषध, गोडमिट्ट, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. मी मनात म्हटलं, बरी आहेत ही माणसं, दुखणं पण पितात आणि वर औषध पण.

आजूबाजूचे हसले. रत्नदीपही हसला. "आई, ते टॉनिक वेगळं. हे नुसतं फेसाळ पाणी असतं, सोड्यासारखं."

खोटं कशाला बोलू, त्याचा हात छान चालत होता. स्टीलचं छोटं माप होतं त्याच्याकडे. बाटलीतून ते भरायचं आणि ग्लासात पालथं करायचं, बाहेर एक थेंब नाही. ते बघून मला आणखी राग आला. एवढा सुबक हात, आणि लावलाय कशाला!

तेवढ्यात ऑफिसातली पाच-सहा माणसं आली. गळ्यात ओळखपत्रं, सगळी मोठमोठ्यानं बोलणारी. त्यांचा साहेब सगळ्यात पुढे. संदेश त्याचं नाव, ते कळलं कारण तो स्वतःच "संदेश की तरफ से!" असं ओरडत होता. सगळ्यांसाठी त्यानंच सांगायला सुरुवात केली. माझ्या शेजारी एक जण येऊन उभा राहिला. चष्मा, पस्तिशीचा, सडपातळ. माझ्याकडे बघून हसला आणि माझी पिशवी घसरत होती ती त्यानं सावरून दिली.

"सलील, तुझं काय?" साहेबानं विचारलं.

"जिन-टॉनिक. माझ्या टेस्टचं. रत्नाला माहितीये."

"ह्यांची टेस्ट स्पेशल असते बाबा!" साहेब म्हणाला आणि सगळे हसले.

आता मी काय बघितलं ते नीट ऐका. ग्लासाच्या बाबतीत माझी नजर कधी चुकत नाही. नवरा पाणी आहे म्हणायचा आणि दारू असायची, थोडीच आहे म्हणायचा आणि अर्धा ग्लास असायचा. वीस वर्षं मी तेच तर बघत होते. रत्नदीपनं ग्लासात बर्फ भरला. डाव्या हातात जिनची बाटली घेतली, उजव्यात माप, आणि जरासा तिरका झाला. बाटली वाकली. माप ग्लासावर पालथं झालं. पण माप कोरडं होतं! बाटलीतून थेंब पडला नव्हता. मग वरून ते टॉनिक भरलं, लिंबू पिळलं, चमचा फिरवला आणि साळसूदपणे म्हणाला, "घ्या सर, तुमच्या टेस्टचं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दारू विकतो ते विकतो, वर गिऱ्हाइकाला फसवतो! नवऱ्यानं आमचं सगळं घालवलं, पण आम्हाला कुणी चोर म्हटलेलं नाही कधी.

"अरे ए! ह्यात दारू कुठंय?" मी केवढ्यानं ओरडले असेन! कोपऱ्यातली माणसंसुद्धा वळली.

"आई—"

"आई काय आई! डोळ्यांनी बघितलंय मी. बाटली नुसती वाकडी केलीस. माप कोरडं ठणठणीत. ह्या भल्या माणसानं तुझ्याकडे दारू मागितली आणि तू त्याला पाणी पाजतोस? माझ्यासमोर चोरी करतोस?"

बघा माझी अक्कल! जिच्या संसाराचं दारूनं वाटोळं केलं, ती बाई बारमध्ये बसून भांडत होती, की ह्याला पुरती दारू का दिली नाही.

मॅनेजर धावत आला. मी रत्नदीपकडे बघत होते. वाटत होतं, आता म्हणेल, तसं नाही आई, तुझं चुकतंय. त्यानं एकदा त्या सलीलकडे बघितलं, मग मान खाली घातली.

"चुकलो, सर," तो मॅनेजरला म्हणाला. "माझ्याकडून झालं."

कबूलच केलं की त्यानं! मॅनेजर दात-ओठ खात म्हणाला, "रत्नदीप, तू नंतर आत ये. ही असली नाटकं मी एक दिवसही चालवून घेणार नाही." आणि तो साहेब, संदेश, त्याला तर चेवच आला.

"म्हणजे आमच्या सलीलला वर्षभर पाणीच पाजलं? अरे भाई! मावशी, मानलं तुम्हाला. ए रत्ना, घाल आता. डबल घाल, सगळ्यांसमोर. आणि सलील, एका दमात मारायचा! काय?" त्यानं सलीलच्या पाठीवर थाप मारली. बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. "एका दमात! एका दमात!"

रत्नदीपच्या हातात बाटली होती, पण तो ओतत नव्हता.

"घाल ना," मॅनेजर म्हणाला.

तेव्हा मी सलीलकडे बघितलं. दोन्ही हातांनी काउंटरची कड त्यानं घट्ट धरलेली. बोटं पांढरी पडलेली, तरी हात थरथरत होते. तो बाटलीकडे बघत होता. ती नजर मी ओळखते हो. त्यात तहान असते आणि भीती असते, दोन्ही एकाच वेळी. ह्या जगात ती नजर मी एकाच माणसाची बघितलेली.

आमच्या भगवानरावांनी एकदा दारू सोडलेली. अकरा महिने. तुम्हाला सांगते, ते अकरा महिनेच माझा संसार. येताना भाजी आणायचे, रत्नदीपला सायकल शिकवायचे. मग माझ्या दिराच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडची हळद म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगायला नको, हळद कमी आणि बाटल्या जास्त. मांडवात कुणीतरी त्यांच्या हातात ग्लास दिला. "पुतण्याची हळद आहे दादा, एकच. एकानं काय होतंय?" त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी दहा पावलांवर होते, हातात जेवणाचं ताट. माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. मला वाटलं, चारचौघांत बायकोनं अडवलं तर माणसाचं नाक कापलं जाईल. त्यांनी ग्लास रिकामा केला. चार वर्षांनी गेले. ती दहा पावलं मी आजवर कुणाला सांगितलेली नाहीत, पोरालासुद्धा नाही.

आणि हा सलील तर माझ्यापासून एका हातावर होता.

"थांबा!" मी म्हटलं आणि त्याच्या पुढचा ग्लास उचलला. "आधी मला बघू दे. मोतीबिंदू आहे माझ्या डोळ्यांत, मला मेलीला काय दिसतंय! उगाच पोरावर आळ नको."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालीत. डोळे लख्ख आहेत माझे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठरवलेलं की एक घोट घ्यायचा आणि दारू आहे म्हणून ठोकून द्यायचं. पण दारूची चव कशी असते ते मला कुठं ठाऊक? तोंड कसं करायचं तेही माहीत नाही. म्हटलं, बघू, होईल ते होईल. ग्लास तोंडाला लावला आणि अगं आई गं! कडूजार! फेसाळ पाणी म्हणे! लहानपणी हिवताप यायचा तेव्हा आई नाक दाबून कोयनेलची गोळी घशात टाकायची, तोच कडूपणा, तस्साच. जिभेचं मागचं टोक आखडलं, डोळ्यांतून पाणी आलं, तोंड वाकडंतिकडं झालं, ठसका लागला तो थांबेना. मला एवढंसुद्धा नाटक करावं लागलं नाही.

"अगं बाई बाई बाई! दारूच आहे की ही! नुसती दारू! जीभ जळाली माझी! मेल्यांनो, हे असलं पिता तुम्ही? वर हौसेनं?"

काउंटरवर हशा जो फुटला! साहेब पोट धरून हसत होता. "मावशीनं पेग मारला रे!" मॅनेजरलासुद्धा हसू आवरेना. "मावशी, पहिल्यांदाच?"

"पहिला आणि शेवटचा!" मी म्हटलं. आणि कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून उरलेला ग्लासही डोळे मिटून संपवला. मळमळलं, पण संपवला.

"मग तू चुकलो कशाला म्हणालास?" मॅनेजरनं रत्नदीपला विचारलं.

"आई समोर होती सर. घाबरलो."

पुन्हा सगळे हसले. मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. मी रिकामा ग्लास पुढे सरकवला.

"ह्यांचा मी उष्टा केला. दुसरा बनव. त्यांच्याच टेस्टचा. मघाशी दिलास ना, अगदी तस्सा."

रत्नदीपनं माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं त्यानं. मग बाटली घेतली. बाटली वाकली. माप पालथं झालं. कोरडं होतं.

"हां!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आता दिसलं. काठोकाठ!"

पंचशीलातलं चौथं खोटं न बोलण्याचं असतं. त्या एका संध्याकाळी ते मी तीनदा मोडलं. कुणाला हिशेब हवा असेल तर द्यायला मी तयार आहे.

ती मंडळी आतल्या टेबलावर जाऊन बसली. दहा मिनिटांनी सलील एकटाच परत आला. माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले. मी म्हटलं, "बसा. पाणी प्या. साधं."

हसला जरा. मग हळूहळू सांगितलं. चौदा महिने झाले सोडून. त्याआधी दोन महिने व्यसनमुक्तीच्या केंद्रात होता. ऑफिसात कावीळ झाली म्हणून सांगितलेलं, कारण खरं कळलं असतं तर त्याला कुठल्याच कामावर कुणी धरलं नसतं. आणि दर शुक्रवारी ह्या साहेबाबरोबर इथं यावंच लागतं, नाही आलं तर शंभर प्रश्न.

"परत कामावर आलो तो पहिलाच शुक्रवार," तो म्हणाला. "मी घरून ठरवून आलेलो की घ्यायची नाही. काउंटरला आलो आणि तोंडातून निघालं, जिन-टॉनिक. मग म्हटलं, जिन कमी. रत्नानं माप अर्धं केलं. मी म्हटलं, अजून कमी. तो थांबला. माझ्या हातांकडे बघितलं. आणि म्हणाला, सर, तुमच्या टेस्टचं बनवू? मी नुसती मान हलवली. मावशी, त्या दिवसापासून त्यानं मला एकदाही विचारलेलं नाही, का म्हणून. बिलसुद्धा टॉनिकचंच लावतो, ते मी माझं वेगळं देतो. आणि आज माझ्यासाठी स्वतःला चोर म्हणवून घेतलं त्यानं."

मी रत्नदीपकडे वळले. तो लिंबं कापत होता, मान वर न करता.

"तुला कसं कळलं रे?"

"पप्पांचे हात असेच व्हायचे ना," तो म्हणाला. "सोडलेली तेव्हा. मला सायकलवर धरायचे तर सीट हलायची."

दहा वर्षांचा होता तेव्हा. मला वाटायचं, ह्याला काही आठवत नसेल. बरंच आहे, मी मनाशी म्हणायचे. आणि हा पोरगा ते हात मनात घेऊन इथं चार वर्षं उभा होता.

"असे तीन आहेत आई," तो हळूच म्हणाला. "हे शुक्रवारचे. दोन जण बुधवारी येतात."

मग त्यानं विचारलं, "तोंड कडू झालं असेल ना तुझं? काय देऊ? तुझ्या टेस्टचं?"

माझ्या टेस्टचं! साठ वर्षांत मला कुणी असं विचारल्याचं आठवत नाही. "लिंबू पिळ," मी म्हटलं. "मीठ टाक चिमूटभर, साखर थोडी. बर्फ नको, दात ठणकतात. आणि ते टॉनिक माझ्या आसपास आणू नकोस." त्यानं बनवलं आणि काय सांगू, बरोब्बर जमलं होतं. प्यायले आणि भरून आलं. सलील पुन्हा हात जोडायला लागला तेव्हा मी त्याचे हात धरून खाली केले. म्हटलं, "तुम्ही नका. मी तुमचे आभार मानते. तुम्ही जिन कमी म्हणालात म्हणून मला माझा पोरगा कळला. आणि अठरा वर्षांपूर्वी मी जिथं गप्प बसले, तिथं आज मला तोंड उघडता आलं. हे उपकार फिटायचे नाहीत माझ्याच्यानं."

त्याला सगळं कळलं असेल असं नाही, पण त्याचे डोळे भरले. त्यानं फोन काढला. "माझी बायको, अंतरा. डोंबिवलीला शाळेत शिकवते. मी मघाशीच तिला कळवलं काय झालं ते. तिला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत."

मी फोन कानाला लावला. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. बाई रडत होती आणि रडू कळू देत नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "मी संध्याकाळी देवापाशी दिवा लावते ना, तेव्हा घरातल्या सगळ्यांची नावं घेते. तुमच्या मुलाचं नाव मला माहीत नव्हतं. सलील कधी सांगत नाही, बारमधला तो एक जण, एवढंच म्हणतो. मग मी म्हणते, त्या बारवाल्याला सुखात ठेव. चौदा महिने रोज म्हणतेय."

"रत्नदीप नाव आहे त्याचं," मी म्हटलं. "आमच्यात देव नाही मानत, बाई. पण तुम्ही त्याचं नाव घेत जा."

ती हसली, मग पुन्हा रडली. "मावशी, एक मागू? चुकीचं असेल तर माफ करा. अशा ठिकाणची मुलं टिकत नाहीत म्हणतात. चांगली नोकरी मिळाली की जातात. जायलाच हवं, त्यांनाही त्यांचं आयुष्य आहे. पण सलीलचा जरा जम बसेपर्यंत... थोडेच दिवस... त्यांना तिथून जाऊ देऊ नका ना."

रत्नदीप एप्रन सोडून काउंटरच्या ह्या बाजूला आला. त्याचा ब्रेक झालेला. "हां आई, बोल," म्हणाला. "कधी निघायचं उद्या?"

मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"नाही जाऊ देत," मी फोनवर म्हटलं. "त्याला न्यायलाच आले होते मी. आता एकटीच जाते घरी."